चढ, उतार आणि पन्नासची रेघ

१९ ऑक्टोबर २०२४, ओगलेवाडी

दसरा उलटला की दुकानात पंपांची रांग लागते. आज टेबलावर चार, खाली पोत्यावर सहा. ट्रॅक्टरचा डिझेल पंप खोलायचा, प्लंजर बघायचे, टेस्ट बेंचवर चढवून काचेच्या नळ्यांत तेल समान पडतंय का ते मोजायचं, हे काम मी कराडच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून करतोय. हंगाम तोंडावर आला की प्रत्येक गिऱ्हाइकाचं एकच वाक्य : ‘पंप जरा वाढवून द्या.’ म्हणजे ज्यादा तेल पडू द्या. ज्यादा तेल, काळा धूर, चढाला दोन दात ज्यादा ताकद. पूर्वी मी हसत स्क्रू फिरवून द्यायचो. आता देत नाही, त्यावरून गिऱ्हाइकं तुटलीत.

दुपारी कडेगावहून पुतण्या आला. हातात तीन कंपन्यांची रंगीत पत्रकं. पाडव्याला ट्रॅक्टर घ्यायचाय, ऊस वाहतुकीचा करार झालाय, ऊसतोडीच्या टोळीला उचल देऊन झालीय. ‘तात्या, पन्नासच्या आत घ्यू का वर?’

हा ‘पन्नास’ नवा देव झालाय. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे नवे नियम लागले. ट्रेम-४ म्हणतात. ते पाळायचे तर साध्या पंपावर भागत नाही. कॉमन रेल लागते, सेन्सर लागतात, संगणक लागतो. पन्नासच्या आत मात्र अजून आपला जुना पंप चालतो. त्यामुळं बाजारात आता ४९-५० वाल्यांची गर्दी झालीय. सरकारनं रेघ मारली की माणसं रेघेला टेकून उभी राहतात.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर मनात उत्तर तयार होतं, आणि ते फार पटकन तयार झालं होतं म्हणून गप्प बसलो. पन्नासच्या आतला घेतला तर पंप माझ्याकडं येणार. वरचा घेतला तर माझा टेस्ट बेंच त्याच्यापुढं पाटा-वरवंटा.

२० ऑक्टोबर

सकाळी थोरलीचा फोन. तिच्याकडं अजून कालची रात्र. कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ राहते. दोघा नवराबायकोंनी कॅम्पर घ्यायचं ठरवलंय, म्हणजे मागं ओढायचं चाकावरचं घर. आत चूल, पलंग, मोरी. सासूबाई आल्या की त्यांनाही डोंगर दाखवता येतील म्हणे. ते ओढायला मोठा पिकअप ट्रक हवा आणि तिथं जावई अडलाय. पेट्रोल की डिझेल?

एकाच आठवड्यात, एकाच घरात, साडेतेरा हजार किलोमीटरच्या अंतरावर दोघांना ‘मागं काय लावू आणि पुढं कोणतं इंजिन घेऊ’ पडलंय. थोरलीची आई म्हणाली, तुम्ही सल्ल्याचं दुकान टाका, पंपापेक्षा चालेल.

थोरलीनं आकडे सांगितले ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. फोर्डचं पेट्रोल इंजिन ७.३ लिटर, आठ सिलेंडर, ४३० अश्वशक्ती. रॅम पिकअपमधलं कमिन्सचं डिझेल ६.७ लिटर, ओळीत सहा सिलेंडर, अश्वशक्ती तेवढीच, चारशेच्या पुढं. पण पीळ, म्हणजे टॉर्क, पेट्रोलचा ६४० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि तोही चार हजार फेऱ्यांवर. डिझेलचा त्याच्या दुपटीहून जास्त, अठराशे फेऱ्यांच्या आतबाहेर. २०१९ साली याच इंजिननं पिकअपमध्ये एक हजार पाउंड-फुटांचा आकडा पहिल्यांदा गाठला.

डिझेल घेतलं तर वरती दहा हजार डॉलरच्या आसपास मोजायचे. मी गुणाकार केला. साडेआठ लाख रुपये! म्हणजे पुतण्याचा अख्खा ट्रॅक्टर. तिथं नुसता इंजिनातला फरक.

२२ ऑक्टोबर

तिचा कॅम्पर भरून चार टन. पुतण्याच्या दोन ट्रॉल्यांत पंधरा-सोळा टन ऊस, हाव सुटली तर वीस. तरी तिला चारशे घोडे कमी पडतील की काय ही चिंता, आणि आमचे पन्नास घोडे आनंदात. रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला.

ट्रॅक्टर, दोन रिकाम्या ट्रॉल्या आणि ऊस मिळून तेवीस टन धरले. शंभराला पाच चढ. चाकापर्यंत पोचणारी ताकद चाळीस-बेचाळीस घोडे. वेग येतो ताशी सात किलोमीटर. बरोबर आहे, ट्रॅक्टर चढाला लागला की टोळीतली पोरं उतरून शेजारनं चालतात आणि पुढंही निघून जातात.

आता तिचं. ट्रक आणि कॅम्पर मिळून साडेसात टन, शंभराला सात चढ, वेग ताशी शंभर. त्यात कॅम्पर म्हणजे भिंत. ती वाऱ्याला आडवी येते. सगळं मिळून सव्वातीनशे घोडे लागतात. म्हणजे ओझं कुणीही ओढेल, बैलही ओढतो. घोडे लागतात ते घाईला.

दुसरी गोष्ट तिच्या डोंगराची. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आयसेनहॉवर बोगदा लागतो, ११,१५८ फुटांवर. आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांचं, त्याच्या अडीचपट. तिथं हवा विरळ. साधं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना शंभरातले तीन घोडे सोडत जातं, बोगद्यापाशी एक तृतीयांश घोडे गेलेले असतात. ४३० चे २९० उरले. डिझेलला टर्बो असतो, तो हवा कोंबून भरतो, त्याचा दम तितका जात नाही. म्हणून तिकडं डोंगरातली माणसं डिझेल डिझेल करतात. त्यात खोटं काही नाही.

पण ती वर्षातनं किती दिवस बोगदा चढणार?

२६ ऑक्टोबर

घरातल्या लग्नाच्या बोलणीसाठी फलटणला जाऊन आलो. रहिमतपूर, कोरेगाव, सातारा रोड, वाठार असा रस्ता धरला. सातारा रोडला चहाला थांबलो. स्टेशनचं गाव, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला इथं वाकून नमस्कार करावासा वाटतो. धनजीशा कूपरांचा कारखाना इथला. लोखंडी नांगरापासून सुरुवात करून ते डिझेल इंजिनापर्यंत आले. १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, साडेतीन महिने. लोक मंत्री म्हणून विसरले, पण विहिरीवरचं ‘कूपर इंजिन’ कुणी विसरलं नाही. आमच्या आजोळच्या मळ्यात होतं. फ्लायव्हील हातानं फिरवून चालू करताना मामा अंगातला सदरा काढून ठेवायचे.

इकडं सांगलीच्या बाजूला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी बसवली. तीही नांगरानंच सुरू झाली. नांगर, पंप, इंजिन असा हा क्रम दोन्हीकडं सारखा आहे. पुढं १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स झाली. आणि आज फलटणच्या माळावर कमिन्सची कारखान्यांची वसाहत आहे, इंजिनं आणि जनित्रं बनवणारी. थोरलीच्या दारात जो ट्रक येऊ घातलाय त्याचं नाव मला फलटणच्या रस्त्यावर वाचायला मिळालं. तिचं इंजिन इथलं नव्हे, पण आडनाव एकच.

लग्नाचं जमेलसं दिसतंय. मुलगा बँकेत आहे.

२९ ऑक्टोबर

जावयाशी बराच वेळ बोललो. वाचणारा माणूस आहे. त्यानं क्लेसी कमिन्सची हकिकत सांगितली आणि दिवसभर डोक्यातून जाईना.

हा कमिन्स मूळचा मोटारीचा ड्रायव्हर आणि मिस्त्री. इंडियानातल्या कोलंबस गावी १९१९ साली कंपनी काढली. १९३१ साली आपलं डिझेल इंजिन घातलेला ट्रक घेऊन न्यू यॉर्कहून लॉस एंजलिसला निघाला, इंजिनाचा टिकाऊपणा जगाला दाखवायला. चढ सगळे चढला. कॅलिफोर्नियात कहोन खिंड उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. खाली रेल्वेचं फाटक आणि फाटकातून मालगाडी चाललेली. शेवटचा डबा पुढं सरकला आणि थोडक्यात हा पलीकडं निघाला. माणसानं ते मनात ठेवलं. पंचवीसेक वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, त्यानं इंजिनाचाच ब्रेक करायची युक्ती काढली. १९६१ साली जेकब्ज कंपनीनं ती बाजारात आणली.

युक्ती आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळते. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेचं दार मिटतं, इंजिन रिकाम्या छातीनं हवा ओढत बसतं आणि गाडी धरली जाते. डिझेलला असं दारच नसतं. पाय काढला तर फक्त तेल थांबतं. पिस्टन हवा दाबतो, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते. घेतलं तेवढं देऊन टाकते. कमिन्सनं काय केलं, हवा दाबून पुरी झाली की ऐन वेळी एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडायचा. ढकलायच्या आधीच हवा पसार. आजच्या पिकअपमध्ये हे काम टर्बोची पाकळ्यांची झडप मिटून करतात, म्हणजे धूर बाहेर पडायला अडवतात.

हे ऐकताना मला कडेगावहून खाली उतरणारा सुर्लीचा घाट दिसत होता.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मालकानं पंप वाढवून मागितला, मी दिला. स्क्रू दीड फेरा. पंधरा दिवसांनी मालक पेढे घेऊन आला. ट्रॅक्टर काय ओढतो म्हणाला, आता दोन्ही ट्रॉल्यांवर आणखी चार-चार मोळ्यांचे थर चढवतो. महिनाभरात घाट उतरताना ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला न्यूट्रल मारला. ट्रॉल्यांना ब्रेक नव्हते. कुणाच्याच नसतात. मागचं ओझं पुढच्याला ढकलत आलं, वळणावर ट्रॉलीनं कात्री मारली आणि ट्रॅक्टर आडवा झाला. ड्रायव्हरचा पाय मोडला. अजून लंगडतो. गेल्या वर्षी दुकानात आला होता, चहा प्यायला. माझ्या पंपाचं त्याच्या पायाशी नातं आहे हे त्याला माहीत नाही. मी सांगितलं नाही. मालकानं मात्र तेव्हा मला सांगितलं होतं, ‘तुमचा काय दोष? पंप एक नंबर होता.’

तेव्हापासून स्क्रूला सील.

३१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन आज की उद्या यावरून आळीत दोन तट. आमच्याकडं उद्या.

पुतण्या परत आला. पन्नासच्या वरच्यावर जीव जडलाय. शोरूमवाल्यानं चालवायला दिला होता. म्हणाला, ‘तात्या, आवाजच न्हाय. कमी फेऱ्यांवर पण उचलतंय बघा.’ खरंच उचलतं. साध्या पंपात नोझल दोनशे-अडीचशे बारला उघडतं. कॉमन रेलमध्ये सोळाशेच्या पुढं दाब कायम भरलेला, आणि तेल कधी, किती, किती वेळा सोडायचं ते संगणक ठरवतो. तेल धुक्यासारखं उडतं, पूर्ण जळतं. धूर कमी, खप कमी. माझ्या धंद्याच्या मुळावर आलंय म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही.

मग त्याला विचारलं, रात्री दोन वाजता शिवारात सेन्सर रुसला तर? तो म्हणाला, कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो. किती वाजता? गप्प. टोळीचे बारा कोयते ट्रॉली भरून बसणार, तोडलेला ऊस वाळणार, वजन घटणार, खेप जाणार. पण उलटही आहे. शंभर-सव्वाशे दिवसांचा हंगाम, रोज दोन खेपा धरल्या तर लिटरमागं वाचणारं डिझेल थोडं नाही. दोन्ही पारडी मी त्याच्यापुढं मांडली. माझा स्वार्थ कुठल्या पारड्यात आहे तेही सांगितलं. तो हसला, म्हणाला, ठाऊक हाय.

शेवटी विचारलं, दोन्हीतला फरक किती? लाख-सव्वा लाख.

मी म्हटलं, ४९ वाला घे आणि वरच्या लाखाचे ट्रॉल्यांना ब्रेक कर.

त्याचा चेहरा पडला. दोस्तांना काय सांगणार? ट्रॅक्टरवर घोड्यांचा आकडा लिहिता येतो, मोठे स्पीकर लावता येतात, ब्रेक कुणाला दिसतात?

पुढं वजन टाकायचं हेही सांगितलं. बंपरला लोखंडी ठोकळे. नाहीतर शेतातून बाहेर काढताना ट्रॅक्टर तोंड उचलतो, आणि पुढची चाकं हवेत असली की स्टेअरिंग म्हणजे नुसती पोळपाटाची कड.

२ नोव्हेंबर, पाडवा

घेतला. ४९ वाला. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. वहिनींनी ट्रॅक्टरला ओवाळलं, मग नवऱ्याला. भावाला राग आला असावा, पण ओवाळणीत काही कमी केलं नाही.

१० नोव्हेंबर

कराडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं ट्रॉल्या. आधी तो हसला. तीस वर्षांत ऊसवाल्या कुणी ट्रॉलीला ब्रेक मागितला नव्हता म्हणे. पाण्याच्या टँकरला एकदा बसवले होते. एक्सल बदलून ड्रमवाले घातले, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवरून नळी काढली. मागच्या ट्रॉलीपर्यंत नळी न्यायची तर मधल्या हुकापाशी पुरेशी सैल हवी, नाहीतर वळणावर ताणून तुटेल. दोन दिवस तेवढ्यावर गेले. बिल लाखाच्या आत बसलं नाही.

थोरलीनं पेट्रोल घेतलं. मी सांगितलं म्हणून नव्हे, तिचं तिनंच ठरवलं. ट्रक रोज ऑफिसला नेणार, अंतर दहा किलोमीटर. डिझेलच्या धुरात काजळी अडवायची जाळी असते, ती तापली की काजळी जळते. दहा किलोमीटरमध्ये ती तापत नाही, तुंबते. शिवाय धूर धुवायला युरियाचं पाणी भरायचं. तिची आई म्हणाली, युरिया तर आपण उसाला घालतो. आणखी एक गोष्ट जावयानं काढली : डिझेल इंजिनच अर्ध्या टनाच्या घरात. पुढं इंजिन जड झालं की तेवढं ओझं मागं कमी घ्यायचं, आणि कॅम्परचा दहा-पंधरा टक्के भार हुकावर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसतोच. बोगदा चढताना उजव्या पट्ट्यानं ताशी सत्तरनं जाणार म्हणाली. मी म्हटलं, जा. टोळीतली पोरं चालत तुझ्यापुढं निघून जाणार नाहीत.

मग सहज विचारलं, कॅम्परला ब्रेक? ती म्हणाली, ‘असतातच की तात्या. चाकांत विजेचे ब्रेक, ट्रकात बसून बोटानं दाबता येतात.’ चार टनांना. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

२० नोव्हेंबर

आज मतदान. हंगाम १५ तारखेला सुरू झाला म्हणतात, पण टोळ्या बीडकडून पुऱ्या आल्या नाहीत. मत टाकून निघणार. पुतण्याची टोळी अर्धीच आलीय. मुकादमाचा फोन लागतो तेव्हा दिवस बरा जातो.

टेंभूवरून आलो. आगरकरांचं गाव. खाली कृष्णेतलं पाणी इथून पंपांनी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीकडं चढवतात. तिकडं माझ्या लहानपणी बाजरी आणि दगड. पाणी घाट चढून गेलं, म्हणून आता ऊस घाट उतरून येतो. वर चढवायला केवढी योजना केली. उतरवायचं ड्रायव्हरच्या पायावर सोडून दिलंय.

२८ नोव्हेंबर

काल रात्री पुतण्याची घाटातली पहिली भरलेली खेप. हिनं सांगितलं, थंडी आहे, जाऊ नका. गेलो. मोटारसायकल सुर्लीच्या बाजूला पायथ्याशी लावून टपरीच्या बाकड्यावर बसलो. टपरी बंद. वरून एकेक ट्रॅक्टर येत होता. अंधारात इंजिनाचा आवाज ऐकून कोण गिअरात आहे आणि कोण न्यूट्रलला ते कळतं. न्यूट्रलवाल्याचं इंजिन सावकाश पुटपुटत असतं आणि ट्रॉल्यांचा खडखडाट मात्र वाढत जातो. असे तीन गेले. एकाचं गाणं चालू होतं, ते वळणावर अर्धं ऐकू आलं.

पावणेबाराला त्याचा आवाज आला. गिअरात, फेऱ्या चढलेल्या, मधूनच ब्रेकचा चिरका आवाज. मागं चार गाड्या अडकल्या होत्या, एक सारखा हॉर्न मारत होता. ताशी दहाच्या वर काही तो नव्हता. खाली येऊन कडेला घेतला आणि इंजिन चालू ठेवूनच उतरला. हात थरथरत होते, पण तोंडावर हसू.

‘मागचे लोक शिव्या घालत हुते, तात्या.’

‘घालू देत.’

मागच्या ट्रॉलीपाशी जळका वास येत होता. ड्रमांना हात लावून बघितले. तीन कोमट, डाव्या बाजूचा मागचा भाजला. एकटाच सगळा भार घेत होता, बाकीचे नुसते टेकत होते. नळीत हवा राहिली असेल किंवा लायनर आवळ बसलं असेल. काट्यावर नंबर लावून सकाळी रिकाम्या ट्रॉल्या घेऊन सरळ दुकानात ये म्हणून सांगितलंय. आता साडेनऊ झालेत, अजून आला नाही. पाना काढून ठेवलाय.